पेन्शनराच्या हयातीत

द्वारका, नवी दिल्ली, ६ जानेवारी २०२५

चि. समता,

जय भीम. फाडायचं असेल तर वाचून फाड. हे पत्र गोडीगुलाबीसाठी नाही, कामासाठी आहे, आणि काम तुझं आहे.

तू फोन उचलत नाहीस. माझा नंबर अडवला आहेस हे मला सोसायटीच्या गार्डच्या फोनवरून लावून पाहिल्यावर कळलं. तू "हॅलो" म्हणालीस, मी "समता" म्हणालो, आणि तू फोन ठेवलास. तुझी आई गेल्यापासून पाच वर्षांत ऐकलेला तुझा आवाज एवढाच. म्हणून हे स्पीड पोस्ट.

आमच्या सी ब्लॉकमधले भाऊसाहेब नोव्हेंबरात गेले. तू त्यांना ओळखत नाहीस. ऑडिटमधून रिटायर झालेले, बुद्धिबळात हरले की पट उधळून घरी जाणारे. त्यांची मुलगी चंद्रप्रभा दहा वर्षं नवऱ्यापासून वेगळी राहून बापाचं सगळं करत होती. आई आधीच वारलेली. घटस्फोट मात्र घेतलेला नव्हता. भाऊसाहेब म्हणायचे, कागदाने काय फरक पडतो? ते गेल्यानंतर अकराव्या दिवशी तिने कोर्टात अर्ज केला. फॅमिली पेन्शनचा तिचा फॉर्म मीच भरला. दर रविवारी सकाळी क्लबरूममध्ये बसून मी लोकांचे असे फॉर्म भरून देतो. सदतीस वर्षं त्याच विषयाच्या फाइली हाताळल्या, तेवढा तरी उपयोग. गेल्या आठवड्यात तिला नकार आला. नकार बरोबर आहे. मी त्या खुर्चीत असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

नियम सांगतो. आई आणि बाप दोघंही गेले की घटस्फोटित मुलीला फॅमिली पेन्शन मिळते. तिचं स्वतःचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत हवं आणि तिने पुन्हा लग्न केलेलं नको. निकाल बाप गेल्यावर लागला तरी चालतो, पण कोर्टातला अर्ज मात्र आईबापांपैकी कुणीतरी हयात असताना दाखल झालेला हवा. नुसतं वेगळं राहणं नियमाला दिसत नाही. तू चौदा वर्षं एकटी राहते आहेस, पण नियमाच्या लेखी तू आजही विनयची सुखात नांदणारी बायको आहेस.

आता आमच्या बाजूने हयात मी एकटाच. माझ्या हृदयातली एक झडप आकसली आहे. मे महिन्यात ऑपरेशन करू म्हणतात. "उम्र के हिसाब से थोड़ा रिस्क है," असं डॉक्टर म्हणाले, आणि म्हणताना माझ्याकडे न बघता रिपोर्टकडे बघत होते.

तू अमरावतीला कॉलेजच्या ग्रंथालयात कंत्राटावर आहेस, दर अकरा महिन्यांनी नवा आदेश. मला कसं कळलं ते विचारू नकोस. कॉलेजची साइट सगळ्यांना दिसते. चव्वेचाळीस वर्षांची झालीस. साठीला कोण तुला कंत्राट देणार आहे?

तेव्हा मेच्या आत अर्ज दाखल कर. कारण काहीही दे. २०१० साली मी काय म्हणालो होतो ते मला आठवतं. ती परिस्थिती वेगळी होती. त्याची इथे चर्चा नको.

बाबा


द्वारका, २ फेब्रुवारी २०२५

चि. समता,

पोचपावती परत आली. सही "एस. टेंभुर्णे". नाव माझं लावतेस आणि दोन ओळींचं उत्तर देत नाहीस, याला काय म्हणायचं ते तूच ठरव.

काल शनिवार असूनही बजेट होतं. क्लबरूममध्ये पडदा लावला होता, पन्नास खुर्च्या, समोसे, आणि पुढच्या रांगेत बसण्यावरून दोन रिटायर्ड डायरेक्टरांत भांडण. आठवा वेतन आयोग जानेवारीतच जाहीर झाल्यामुळे सगळे असे नटूनथटून आले होते, जणू पाकिटं तिथेच वाटणार आहेत. ज्येष्ठांच्या व्याजावर कर कापण्याची मर्यादा पन्नास हजारांवरून एक लाखावर नेली तेव्हा टाळ्या पडल्या. ज्यांचं वर्षाचं व्याज पाच हजारही होत नाही त्यांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. मला या लोकांचा वैताग येतो. सगळी नजर पर्सेंटवर. आपल्यामागे घरात कोण उरणार आहे आणि तिचे कागद पुरे आहेत का, हे विचारायला माझ्याकडे रविवारी चौघंसुद्धा येत नाहीत.

चंद्रप्रभा चहा देत होती. तिने मला विचारलं, "काका, या बजेटात आमच्यासारख्यांसाठी काही आहे का?"

मी म्हणालो, "तुमच्यासारख्यांसाठी बजेट लागत नाही. नियम आहे."

ती हसली आणि पुढच्या रांगेकडे गेली. मला ते हसणं आवडलं नाही.

आता मुद्द्याचं. तू हलत नाहीस म्हणून मीच हललो. गुरुवारी विनयला फोन केला. घाबरू नकोस, भांडण झालं नाही. अगदी "बाबा, तब्येत कशी आहे" पासून सुरुवात केली त्याने. त्यालाही मोकळं व्हायचं आहे, त्याचं दुसरीकडे ठरतं आहे. दोघांच्या संमतीचा अर्ज करायला तो एका पायावर तयार आहे. त्याची अट एकच आहे, कुणी कुणावर आरोप करायचे नाहीत. मी हो म्हणालो. तुझ्या वतीने हो म्हणालो, कारण तुझा फोन लागत नाही.

इथल्या एका वकिलाकडून मसुदा करून घेतला आहे, सोबत जोडतो. "स्वभाव न जुळल्यामुळे उभय पक्ष २०११ पासून विभक्त राहत आहेत." एका वाक्यात विषय संपला. पेन्सिलने फुल्या केल्या आहेत तिथे सह्या कर आणि परत पाठव. उलट टपालासाठी तिकीट लावलेलं पाकीट आत आहे. म्हणजे तुला पोस्टात जाऊन रांगेत उभं राहण्याचंही निमित्त उरलेलं नाही.

बाबा


द्वारका, २३ फेब्रुवारी २०२५

समता,

पाकीट आलं. मी ते जिन्यातच उघडलं, कारण मला वाटलं सह्या असतील.

मसुद्याच्या पाठीमागे तू लिहिलं आहेस, "बाबा, हिंदूरावच्या कागदावर काय लिहिलंय ते आठवतं का? की तोही स्वभाव?" बस, एवढंच. पाच पानांचा टाइप केलेला मसुदा तू पाठकोरा कागद म्हणून वापरलास.

आठवतं. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. २०१० च्या मार्चमध्ये तू न कळवता तिमारपूरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आलीस. डाव्या मनगटाला प्लास्टर, तेही सैल झालेलं. जवळचं म्हणून मी तुला हिंदूराव हॉस्पिटलात नेलं. तिथे डॉक्टरांनी नवं प्लास्टर घातलं आणि कागदावर लिहिलं, बाथरूममध्ये घसरून पडली. हे झालं पंधरा वर्षांपूर्वी. त्या कागदाचा आणि पेन्शनचा काडीचा संबंध नाही.

तुला समजत कसं नाही? नियम कारण विचारतच नाही. मारहाण लिहा, स्वभाव लिहा, काही लिहा, नियमाला फक्त तारीख हवी आहे. मी रात्रंदिवस तुझ्यासाठी एक तारीख मिळवायला धडपडतो आहे आणि तू मला इतिहास विचारतेस. त्या चंद्रप्रभाला अकरा दिवस कमी पडले. तिला विचार अकरा दिवसांची किंमत.

खाली बारीक अक्षरात तू आणखी विचारलं आहेस, माझं पत्र तुमच्याकडे आहे का? कुठलं पत्र? क्वार्टर सोडून द्वारकेला आलो तेव्हा पुष्कळ रद्दी गेली. मी शोधलं. माझ्याकडे तुझं एकही पत्र नाही.

मसुद्याची नवी प्रत पाठवतो. या वेळी पाठकोरा कागद वेगळा जोडला आहे, जे काही लिहायचं असेल ते त्याच्यावर लिही.

बाबा


द्वारका, ९ मार्च २०२५

चि. समता,

परवा तुझ्या वकील संपदाताईंचा फोन आला. आधी वाटलं एखादी विमा विकणारी बाई आहे. "सर, मी समताची वकील" म्हणाल्या तेव्हा उलगडलं. म्हणजे तू वकील केली आहेस. मला सांगितलं असतंस तर दोन मसुद्यांचा खर्च वाचला असता.

बाई नम्र आहेत, पण पक्क्या. त्या म्हणाल्या, तू संमतीचा अर्ज करणार नाहीस. छळाच्या कारणावर करणार आहेस. आणि त्यात अडचण एकच आहे. विनयकडे हिंदूरावच्या त्या कागदाची झेरॉक्स आहे. २०११ मध्ये तू पोलिसांकडे गेलीस तेव्हा त्याने तीच पुढे केली होती, आणि तक्रार तिथेच बारगळली होती.

पोलिसांकडे गेली होतीस हे मला माहीत नव्हतं.

त्यांनी पुढे विचारलं, "सर, हा कागद त्याच्याकडे कसा गेला, काही कल्पना?" मी म्हणालो, नाही. फोन ठेवला आणि चहा केला. चहा तसाच राहिला. मग कपाटावरची लोखंडी पेटी काढली. स्टुलावर चढायला मला बंदी आहे, तरी काढली.

तुला माझी सवय माहीत आहे. ऑफिसात जे करायचो तेच घरी. विजेची फाइल, गॅसची फाइल, तुझ्या आईच्या गुडघ्याची फाइल. तुझी फाइलही आहे. गेल्या पत्रात नाही म्हणालो, ते खरं नव्हतं. ती रद्दीत गेलेली नाही, कधी जाणारही नव्हती. मी आयुष्यात एकही फाइल टाकलेली नाही.

तिच्यात तुझं पत्र आहे, २६ फेब्रुवारी २०१० चं. "बाबा, मी येऊ का? हात मोडला आहे. पडले नाही मी. आईला लगेच सांगू नका, पण मला बोलवा." आणि त्याच्या समासात माझ्या हातची टीप आहे. इथे जशीच्या तशी उतरवतो, कारण संपदाताई उद्या तुला दाखवतीलच. "पाहिले. बाब घरगुती. सध्या कार्यवाहीची गरज नाही. फाइल करावे." खाली माझी आद्याक्षरं आणि तारीख, ३ मार्च.

मी मुलीच्या पत्रावर टिप्पणी लिहिली. ऑफिसात दिवसाला चाळीस कागद यायचे आणि प्रत्येकावर काहीतरी लिहून पुढे ढकलायचं, एवढंच मला येत होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. तुला उत्तर मी पाठवलंच नव्हतं. तू नऊ दिवस वाट पाहिलीस आणि न बोलावता आलीस.

हिंदूरावचं आता नीट सांगतो. तू स्टुलावर बसली होतीस, मी मागे उभा होतो. डॉक्टर तरुण होता. त्याने तुला विचारलं, "कैसे हुआ?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, "बाथरूम में फिसल गई थी." त्याने तुलाच पुन्हा विचारलं, "आप बताइए." मी परत म्हणालो, "कहा ना, फिसल गई." मग त्याने लिहिलं. घरी येताना रिक्षात तू प्लास्टरच्या कडेचा कापूस तोडत होतीस आणि मी तुला म्हणालो, कचरा करू नकोस.

आणि झेरॉक्स विनयला मीच पाठवली होती. त्याला वाटू नये की आपण केस करणार आहोत, म्हणून. वर लिहिलं होतं, "आमच्या बाजूने काही तक्रार नाही, सोबत वैद्यकीय कागद." त्या पत्राची नक्कलही फाइलमध्ये आहे. मला वाटलं होतं मी तुझा संसार वाचवतो आहे.

तुझं मूळ पत्र रजिस्टर्ड पोस्टाने संपदाताईंना पाठवलं. माझ्या टिपेसकट.

ऑपरेशन सहा मेला ठरलं आहे. अर्ज त्याआधी व्हायला हवा, हे माझं म्हणणं कायम आहे.

बाबा


द्वारका, ३ एप्रिल २०२५

चि. समता,

संपदाताईंना माझं प्रतिज्ञापत्र हवं आहे. मी मसुदा केला आहे, सोबत जोडला आहे. दोन वेळा वाचलास तर बरं. "सदर नोंद ही तत्कालीन गोंधळाच्या परिस्थितीत अपुऱ्या माहितीच्या आधारे झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही." मला हे पुरेसं वाटतं. कोर्टाला कळतं, विनयची झेरॉक्स लुळी पडते, आणि पंचाहत्तरीला आलेल्या माणसाची विनाकारण शोभाही होत नाही. तुला यात काय कमी वाटतं ते कळव, पण लवकर कळव. एप्रिल सुरू झाला आहे.

संघपालचा फोन आला होता. माझ्यानंतर तोच मंत्रालयातल्या आपल्या लोकांचं सगळं बघतो. दरवर्षीसारखं चौदा एप्रिलला कोपर्निकस मार्गावर, महाराष्ट्राच्या जुन्या गेस्ट हाउसच्या हॉलमध्ये बोलायचं आहे. म्हणाला, "सर, तुमचा हिंदू कोड बिलाचा विषय घ्या ना. लोक अजून विचारतात." मी म्हणालो, या वर्षी बाबासाहेबांच्या पाणीधोरणावर बोलतो. तो म्हणाला, "बिल्कुल सर, जैसा आप कहें."

तुला आठवत असेल, तुला मी ११ एप्रिल २०१० ला परत पाठवलं. तिकीट मीच काढलं होतं. त्यानंतर तीन दिवसांनी मी त्याच हॉलमध्ये पाऊण तास बोललो. बाईला नको असलेल्या लग्नातून बाहेर पडण्याचा हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, हे सांगताना माझा आवाज भरून आला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझी आई दुसऱ्या रांगेत बसली होती. मध्येच उठली आणि निघून गेली. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, डोकं दुखत होतं. मी तिला गोळी दिली. तिने ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि झोपायला गेली. त्यानंतर नऊ वर्षांत ती माझ्या एकाही भाषणाला आली नाही, आणि मी एकदाही विचारलं नाही की डोकं अजून दुखतं का.

तुझं नाव मी ठेवलं होतं. तुझ्या आईला वेगळं ठेवायचं होतं. मी बैठकीत उभं राहून घोषणा केली होती, मुलीचं नाव समता. लोक पेढे खात माझं कौतुक करत होते.

असो. मसुदा बघ.

बाबा


द्वारका, १७ एप्रिल २०२५

समता,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पंधरा वर्षांतलं पहिलं आणि तेही पोस्टकार्डावर मावेल एवढं. तुझंच लिहिलेलं तुला परत लिहून दाखवतो, म्हणजे माझ्या वाचण्यात काही चूक नाही याची खात्री होईल.

"बाबा, मला डिसेंबरात कायम केलं. पगार तुमच्या मर्यादेच्या बराच वर आहे, तेव्हा पेन्शनचा प्रश्न मिटला. कोर्टातला अर्ज मी एक एप्रिललाच दाखल केला आहे, माझ्यासाठी. तुमचा मसुदा परत पाठवते. आता नियमाचा काही संबंध राहिलेला नाही. तरीही लिहायचं असेल तर लिहा. समता."

डिसेंबरात. म्हणजे माझं पहिलं पत्र तुझ्या हातात पडलं तेव्हाच तू नियमाच्या बाहेर होतीस. साडेतीन महिने मी नियम समजावत होतो, विनयसारख्या माणसाशी गोड बोललो, वकिलांकडे खेटे घातले, स्टुलावर चढलो, आणि तू सगळं वाचून गप्प बसलीस. एका ओळीत सांगता आलं असतं. मंगळवारी दिवसभर मी घरात फेऱ्या मारल्या. चंद्रप्रभा डबा घेऊन आली तर तिच्यावर ओरडलो, तिचा काही दोष नसताना. ती म्हणाली, "काका, नोकरी लागली ही चांगली बातमी आहे ना?" मी म्हणालो, "तुला नाही कळणार."

तिला कळलं होतं. मलाच कळायला बुधवार उजाडला.

पेन्शनसाठी मी काहीही लिहिलं असतं, समता. मार्चमधलं ते लांब पत्रसुद्धा मी थोडंफार त्यासाठीच लिहिलं, हे आता कबूल करतो. अर्ज लवकर व्हावा, तू एकदाची हलावीस, म्हणून. आणि एवढं लिहूनही प्रतिज्ञापत्रात मी "शक्यता नाकारता येत नाही" असंच म्हणालो. कोर्टात नाही, समाजात नाही, फक्त तुला बंद पाकिटात खरं सांगायचं आणि बाहेर शोभा सांभाळायची. तू मला नोकरीचं आधी सांगितलं असतंस तर मी पहिल्याच पत्रानंतर थांबलो असतो. अभिनंदन असं एक कार्ड पाठवलं असतं आणि विषय संपवला असता. तू मला ओळखतेस, म्हणून सांगितलं नाहीस. मला याचा राग येतो आणि राग करायला मला जागा नाही.

सोमवारी मी पाणीधोरणावर बोललो. अर्धा हॉल मोबाइल बघत होता. त्यांचं बरोबर होतं.

काल सकाळी इथल्या कोर्टाबाहेर टायपिस्टकडे गेलो. जुना मसुदा नेला नाही. उभ्या उभ्या सांगितलं, तो टाइप करत गेला. त्यात सगळं आहे. मुलीने मला आधीच पत्राने कळवलं होतं की ती पडलेली नाही. डॉक्टरने प्रश्न तिला विचारला होता. तिने तोंड उघडण्याआधी मी खोटं उत्तर दिलं. तिला पुन्हा विचारलं तेव्हा मी पुन्हा खोटं बोललो. तो कागद तिच्या नवऱ्याला मी पाठवला. आणि हात बरा होण्याआधी तिला त्याच्याकडे परत पाठवलं, ती नको म्हणत असताना.

शेवटच्या वाक्याला टायपिस्टची बोटं थांबली. तिशीतला मुलगा, रोज शंभर कागद टाइप करत असेल. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पुढे गेला. कागदाच्या शेवटी आल्यावर म्हणाला, "अंकल, परपज़ क्या डालूँ? पेंशन?"

"नहीं."

"फिर?"

मी आयुष्यभर लोकांना हाच प्रश्न विचारला, प्रयोजन काय. मागे रांग होती.

"लिखो, बेटी सच कह रही थी."

"ऐसे नहीं लिखते, अंकल," तो म्हणाला, आणि त्याने कोर्टाच्या कामासाठी असं टाइप केलं. मी वाद घातला नाही. वर सहा परिच्छेदांत ते आहेच.

नोटरीसमोर सही केली. मूळ प्रत आजच संपदाताईंकडे रवाना केली आहे. तुला झेरॉक्स जोडतो.

आता एक विचारायचं आहे. विचारायचं आहे म्हणतो, सांगायचं आहे असं नाही. कागदावर भागत असेल तर भागू दे. पण साक्षीला माणूस लागत असेल तर सहा मेच्या आधीची तारीख मिळते का, ते संपदाताईंना विचार. डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात. मी जायचं म्हणतो आहे हे त्यांना सांगितलेलं नाही. घाई पेन्शनची नाही. तिकडच्या कोर्टात कुणीतरी तुला विचारेल, कसं झालं? त्या वेळी तू बोलावंस आणि मी गप्प राहावं, असं मला वाटतं. तुझं बोलून संपल्यावर मला विचारलं, तरच मी बोलेन.

बाबा